हौद आणि गदा

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या एका गल्लीत जुना फोटो स्टुडिओ आहे. पाडवा, भाऊबीज होऊन गेली होती, तुळशीचं लग्न अजून लागायचं होतं. लग्नाचा सीझन सुरू होण्याआधीचे ते चार निवांत दिवस. अशा एका संध्याकाळी काउंटरच्या काचेवर दोन फोटो शेजारी शेजारी पडलेले होते. एक काकांनी तीसेक वर्षांपूर्वी काढलेला: डोक्याला फेटा, खांद्यावर चांदीची गदा, छाती पुढे काढून उभा राहिलेला पैलवान. दुसरा पुतणीनं गेल्या महिन्यात काढलेला: तालमीतला लाल मातीचा हौद. माणूस नाही, गदा नाही. मातीत उमटलेली पावलं आणि वरच्या झरोक्यातून आलेला फिका उजेड, एवढंच.

"यात बघायचं काय?" काकांनी विचारलं.

"माती," पुतणी म्हणाली. "हळद, ताक, तेल घालून मळलेली माती. तुमच्या फोटोत ती पैलवानाच्या पायाखाली आहे, पण दिसत नाही."

पुतणी मुंबईच्या एका कला आणि डिझाइन संस्थेत फोटोग्राफी शिकते. काकांच्या स्टुडिओला दोन पिढ्या झाल्या. ते स्वतः वडिलांच्या हाताखाली डार्करूममध्ये उभं राहून शिकले. घरात तिच्या प्रवेशाचा विषय निघाला तेव्हापासून दोघांचा एक वाद चालू आहे, आणि तो फक्त त्या घरातला नाही. ज्या ज्या घरातलं मूल बारावीनंतर किंवा पदवीनंतर 'मला फोटोग्राफी शिकायचीय' म्हणतं, तिथे तोच प्रश्न येतो. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मग त्यासाठी कॉलेज कशाला?

काकांचा आक्षेप फीच्या आकड्यापुरता नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की ही विद्या मुळात वर्गात बसून येतच नाही. "बाबुराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेले होते, सांग की," ते म्हणाले. कोल्हापूरकराच्या हातातलं हे हुकमाचं पान. बाबुराव मिस्त्री, म्हणजेच पेंटर, चित्रकला आणि शिल्पकला घरीच, स्वतःच्या हातानं शिकले. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, पुढे दामल्यांच्या साथीनं कोल्हापुरातच चलचित्राचा कॅमेरा तयार केला, आणि त्यावर घेतलेला 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हाताखाली काम करत दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले. "ती कंपनी हेच कॉलेज होतं," काका म्हणाले. "सकाळी झाडलोट, दुपारी सेट, रात्री लॅब. सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही."

"आणि फाळके?" पुतणीनं विचारलं.

या नावावर काकांना थांबावं लागलं. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथून बडोद्याच्या कलाभवनात गेले. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये उभी केलेली ही संस्था. रंगकामाबरोबर फोटो काढणं, धुणं, छापणं, ब्लॉक तयार करणं हे सगळं फाळक्यांना तिथे हाताळायला मिळालं. पुढे गोध्र्यातला स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, ब्लॉकमेकिंगचा छापखाना, असं करत करत ते १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पर्यंत पोचले. वाटेतल्या जवळजवळ प्रत्येक मुक्कामाला शाळेत हाताळलेलं काही ना काही कामी आलं. मराठी माणसाच्या सिनेमाचे हे दोन मूळपुरुष, एक शाळेतून आलेला आणि एक शाळेवाचून. वाद फाळके आणि पेंटर यांच्यावरच मिटवायचा तर तो बरोबरीत सुटेल.

आपल्याकडे फोटोग्राफी 'शिकवण्याची' कल्पना मात्र वाटते त्याहून फार जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतले पहिल्या पिढीचे व्यावसायिक छायाचित्रकार त्याच वर्गात तयार झाले. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी सोसायटीच्या कामात पुढे होते. जे. जे. स्कूल १८५७ मध्ये सुरू झालं. म्हणजे या शहरात चित्रकलेच्या सरकारी शाळेआधी कॅमेऱ्याचा वर्ग भरला होता. पण तो फार टिकला नाही. पुढची अनेक दशकं फोटोग्राफी शिकायची म्हणजे कुणाच्या तरी स्टुडिओत उमेदवारी करायची, हाच रिवाज पडला. जे. जे. मध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, १९५८ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली, आणि फोटोग्राफी तिथे जाहिरातीच्या अभ्यासाचा एक भाग म्हणून वाढली. महाराष्ट्रात आजही बहुतेक कला महाविद्यालयांत ती याच खोलीत राहते. चित्र आणि शिल्प यांच्यासारखं तिला स्वतःचं घर क्वचितच मिळालं, आणि ही उणीव आहे.

"त्या जे. जे. मधून फोटोग्राफी घेऊन बाहेर पडलेला माणूस मुख्यमंत्री झाला," काकांनी सांगितलं. ते खरंच आहे. उद्धव ठाकरे उपयोजित कला संस्थेत फोटोग्राफी हा मुख्य विषय घेऊन शिकले. हेलिकॉप्टरमधून टिपलेले गडकिल्ले त्यांनी 'महाराष्ट्र देशा' या पुस्तकात आणले, नंतर पंढरीच्या वारीवर 'पाहावा विठ्ठल' केलं. काकांच्या स्टुडिओत पहिलं पुस्तक आहे. राजगडाच्या माच्या वरून कशा दिसतात हे ते गिऱ्हाइकांनाही उघडून दाखवतात.

मग काकांनी विचारलं, "बरं, तुला तिथं पहिल्यांदा काय शिकवलं?"

"डबा," पुतणी म्हणाली.

पहिले काही आठवडे कॅमेऱ्याला हात लावायचा नव्हता. चहापत्तीचा पत्र्याचा डबा आतून काळा रंगवायचा, एका बाजूला सुईनं भोक पाडायचं, अंधारात आत फोटोपेपर लावायचा, भोकावर चिकटपट्टी. उन्हात नेऊन पट्टी काढायची आणि सेकंद मोजायचे. कधी पंधरा, कधी साठ. पेपर डेव्हलप केला की काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालेलं उलटं जग हाती येतं. पहिले सहा पेपर तिचे पूर्ण काळे निघाले. सातव्यावर हॉस्टेलसमोरचं पिंपळाचं झाड आलं. पण समोरच्या रस्त्यावरून जाणारी एकही गाडी, एकही माणूस त्यात नव्हता. जे हललं ते पेपरनं धरलंच नाही.

काका हे ऐकताना सावरून बसले. ही विद्या त्यांच्या ओळखीची होती. त्यांच्या वडिलांच्या वेळी स्टुडिओत मान स्थिर ठेवायला खुर्चीमागे लोखंडी टेकू असायचा. लहान पोर हललं की प्लेट वाया. "म्हणजे आमच्या बानं मला शिकवलं तेच," ते म्हणाले. "फक्त त्यासाठी तू मुंबईला गेलीस."

"पण आजोबांनी तुम्हाला असं विचारलं का, की रस्ता रिकामा दिसतो तर तो फोटो खरा की खोटा?"

नाही, असं कुणी विचारलं नव्हतं. स्टुडिओत प्रश्न वेगळे असतात. तिथे समोरच्या माणसाला उद्या संध्याकाळी फोटो हवा असतो.

डिझाइनच्या संस्थांत ज्याला 'जुरी' म्हणतात तो प्रकार पुतणीनं समजावून सांगितला. सत्राच्या शेवटी आपले प्रिंट भिंतीला लावायचे आणि बाजूला उभं राहायचं. शिक्षक, बाहेरून आलेले एकदोघं, वर्गमित्र बोलतात. हाच कोन का? माणूस कडेला का ढकललास? दहा फोटोंत तिसरा चौथ्याच्या आधी का? 'आवडलं म्हणून' या उत्तराला तिथे थारा नाही. पहिल्या जुरीत तिला रडू कोसळलं होतं. दुसरीत तिनं स्वतःहून भिंतीवरचे निम्मे फोटो काढून टाकले.

"म्हणजे तुमचं गिऱ्हाईक मास्तर," काका म्हणाले.

हा त्या संध्याकाळचा सगळ्यात नेमका घाव होता. काका पुढे बोलत राहिले. स्टुडिओतला फोटो ज्याचा असतो त्याला तो पटावा लागतो. नाही पटला तर तो पैसे देत नाही, पुढच्या लग्नाला बोलावत नाही. पैलवानानं तो गदेचा फोटो घरात देवाशेजारी लावला. आज त्याचा नातू त्याच फोटोची नवी कॉपी मागायला येतो. तालमीतल्या पोरांना त्या रिकाम्या हौदाचं काय? तो मुंबईत भिंतीवर लागणार, चार शहाणी माणसं त्यावर बोलणार. "जिथली माती काढलीस तिथं तो फोटो परत जाणार आहे का?"

पुतणीला लगेच उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न कला शिकवणाऱ्या संस्थांनी गांभीर्यानं घ्यायला हवा. गाव, वस्ती, कारागीर, म्हातारे चेहरे हे विद्यार्थ्यांचे आवडते विषय. प्रकल्प संपतो, गुण मिळतात, आणि ज्यांचे चेहरे होते त्यांच्या हातात एक प्रिंटसुद्धा पोचत नाही. याच्या उलट उदाहरणंही आहेत. मुंबईच्या सफाई कामगारांचं काम सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षं टिपलं, कामगारांबरोबर राहून, त्यांच्या सन्मानाचा प्रश्न पुढे ठेवत. पण ती निष्ठा वेळापत्रकात बसवता येत नाही. एका सत्राचा प्रकल्प आणि अनेक वर्षांची सोबत यांत फरक राहतोच.

थोड्या वेळानं पुतणीनं मोबाइलवर एक चित्र काढून दाखवलं. पाण्याच्या उंच टाक्या, ओळीनं मांडलेल्या. सगळ्या सारख्याच अंतरावरून, ढगाळ करड्या आभाळाखाली, सावलीशिवाय. जर्मनीतलं बेर्न्ड आणि हिला बेशर हे जोडपं १९५९ पासून अशा टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे टिपत हिंडलं. एक टाकी पाहिली तर ती टाकी असते. पंधरा शेजारी लावल्या की त्यांचे चेहरे दिसू लागतात. १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्यांना सुवर्णसिंह मिळाला, आणि तोही शिल्पकलेसाठी. बेर्न्ड १९७६ पासून ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत फोटोग्राफी शिकवू लागले. आन्द्रेआस गुर्स्की, थॉमस श्ट्रूट, कान्डिडा ह्योफर, थॉमस रूफ ही सारी त्या वर्गातली मुलं. गुर्स्कीचं ऱ्हाइन नदीचं एक छायाचित्र २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरच्या वर गेलं.

पुतणीला कोल्हापूरच्या तालमींचं असंच काहीतरी करायचं आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी आणि पेठापेठांतल्या लहान तालमी. सगळे हौद एकाच उंचीवरून, सकाळचा मेहनतीचा घोळका गेल्यावरच्या त्याच वेळी. मातीचा रंग कुठे बदलतो, झरोके कुठे आहेत, मारुती कुठल्या भिंतीला बसवलाय, हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं तरच कळेल. एकटा हौद पाहून काकांना काही दिसलं नाही, यात काकांची चूक नव्हती. तो एकटा दिसावा म्हणून काढलेलाच नव्हता.

बेशर दांपत्याच्या गोष्टीत एक तपशील आहे आणि तो काकांच्या बाजूचा आहे. बेर्न्ड चित्रकला आणि टायपोग्राफी शिकलेले. हिला मात्र पोट्सडॅममध्ये एका व्यावसायिक छायाचित्रकाराच्या हाताखाली उमेदवारी करून आली होती. मोठ्या प्लेटचा कॅमेरा, प्रिंटचा दर्जा, डार्करूमची शिस्त ही तिच्याकडची शिदोरी. प्राध्यापकपद बेर्न्डला मिळालं, शिकवणं दोघांचं होतं. गुर्स्कीचे वडीलही जाहिरातीचं काम करणारे छायाचित्रकार; तो त्यांच्या स्टुडिओत खेळत वाढला. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या फोटोग्राफीच्या वर्गाच्या पायात स्टुडिओची वीट आहे. ती वीट अभ्यासक्रमांच्या माहितीपुस्तकांत कधी छापली जात नाही.

पुतणीनं हे सांगितल्यावर काकांनी फक्त "हं" केलं आणि हौदाचा फोटो पुन्हा उचलला. यावेळी चष्मा लावून.

"उघडाय जरा," ते म्हणाले. "माती एवढी फिकी नसती. मीटरवर गेलीस तू."

यानंतरचा अर्धा तास दोघं एकाच गोष्टीबद्दल दोन भाषांत बोलत होते. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं जग सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पुतणीनं हे वर्गात 'अठरा टक्के करडा' या नावानं शिकलं. त्यासाठी ठरावीक छटेचं कार्ड मिळतं. काकांनी ते कार्ड आयुष्यात वापरलेलं नाही. त्यांच्याकडे म्हैस आणि पांढरी साडी आहे. काळी म्हैस फ्रेमभर घेतली की मीटर घाबरतो, जास्त उजेड घेतो आणि म्हैस राखेसारखी येते. तिला एक स्टॉप बंद करायचा. पांढऱ्या साडीतली आजी घेतली की मीटर उजेड कमी करतो आणि साडी मळकी दिसते. तिला एक, कधी दीड स्टॉप उघडायचा. हौदाच्या मागे काळोखी भिंत होती. मीटरनं ती उजळायला घेतली आणि माती धुतल्यासारखी झाली.

"चष्मेवाल्या माणसावर लाइट कसा लावतेस?" काकांनी विचारलं.

"लाइट वर घ्यायचा. आपाती कोन आणि परावर्तित कोन..."

"आणि वर घ्यायला जागाच नसंल तर?"

पुतणी गप्प. काकांनी स्वतःच्या चष्म्याच्या दांड्या कानांवरून बोटभर वर उचलल्या. काचा किंचित खाली झुकल्या आणि ट्यूबलाइटची चमक डोळ्यांवरून निघून गेली. समोरून पाहणाऱ्याला चष्मा सरळच वाटतो. ही युक्ती वर्गात कुणी दाखवली नव्हती. तिनं ती तिथल्या तिथे वहीत लिहून घेतली.

शिकणं कुठे झालं हे ठरवायचं तर होमाई व्यारावाला यांचं काय करायचं? भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९१३ मध्ये नवसारीत जन्मलेल्या होमाई मुंबईत जे. जे. मध्ये चित्रकला शिकल्या. कॅमेरा मात्र त्यांना शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी, पुढे त्या दोघांचं लग्न झालं. जे. जे. मधल्या मैत्रिणी हे त्यांचे सुरुवातीचे विषय, आणि ते फोटो छापून आले ते माणेकशांच्या नावानं. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या, सत्तांतराची दिल्ली त्यांनी टिपली, आणि १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. काका म्हणतात कॅमेरा घरात शिकली. पुतणी म्हणते, मैत्रिणीला पायऱ्यांवर कुठे बसवायचं, उजेडाकडे तोंड की पाठ, हे डोळ्यांचं शिक्षण रेखाटनाच्या वर्गातलं. होमाईंच्या त्या तरुण मुलींच्या फोटोंकडे पाहिलं की पुतणीचं म्हणणं जास्त पटतं. अशा रचना फक्त बटण दाबायला शिकलेल्या माणसाच्या नाहीत.

संस्थेकडून मिळतं आणि स्टुडिओत मिळत नाही असं नेमकं काय, याचं चांगलं उत्तर दयानिता सिंग यांच्याकडे आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, १९६१ मध्ये स्थापन झाली. दयानिता तिथे १९८० ते १९८६ दृक्‌संवाद शिकत होत्या. विद्यार्थिनी असताना झाकीर हुसेन यांचे फोटो काढायला एका मैफलीला गेल्या, तिथे त्यांना ढकलण्यात आलं, त्या पडल्या. चिडून त्या थेट झाकीरभाईंशीच बोलल्या, आणि त्यातून पुढे त्यांच्याबरोबरचा प्रवास सुरू झाला. १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. तेव्हापासून पुस्तक हेच त्यांचं माध्यम राहिलं आहे: लाकडी घड्यांच्या चौकटींत फिरवता, बदलता येणारी प्रदर्शनं, पेटीत मावणारं 'म्युझियम भवन'. २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. टायपोग्राफी, कागद, बांधणी, पानांची लय शिकलेल्या माणसालाच सुचेल असं हे काम आहे. एकेक फोटो उत्तम काढणारे आपल्याकडे कमी नाहीत. पन्नास फोटोंतून बारा निवडून त्यांना क्रम देणारे कमी आहेत, आणि ते दुसऱ्यांबरोबर बसून, वाद घालून शिकावं लागतं.

पैशाचं बोलणं दोघांनीही लवकर आवरलं. लग्नाचं काम आहे, पण आता प्री-वेडिंग, ड्रोन, रील, तीन दिवसांत एडिट असा मामला झालाय. पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक मोबाइलनं नेलं. पदवी घेतलेल्यांनाही जाहिरात, वस्तूंचे फोटो, संग्रहालयांची कामं शोधत फिरावं लागतं. हमी कुठल्याच वाटेवर नाही, हे काकांनाही मान्य आणि पुतणीलाही.

खरी गाठ पडली ती आतल्या खोलीतल्या कपाटावर. त्यात स्टुडिओच्या सगळ्या निगेटिव्ह आहेत. आजोबांच्या काळातल्या काचेच्या प्लेटा, नंतरची फिल्म, काहींवर रीटचिंगच्या पेन्सिलीच्या बारीक रेघा. पाकिटांवर नंबर आणि शेजारी रजिस्टर. नंबर, नाव, साइझ, कॉपी, जमा. नोकरीच्या अर्जासाठी आलेली पोरं, मुंबईला मिलमध्ये निघालेले, 'दाखवायच्या' फोटोसाठी नव्या साडीत आलेल्या मुली, ऊसतोडीवर जाण्याआधी आलेलं कुटुंब. पुतणीला अंतिम प्रकल्पासाठी हे कपाट हवं आहे. मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या सुहाग स्टुडिओचं उदाहरण तिच्यासमोर होतं. तिथले छायाचित्रकार सुरेश पंजाबी यांच्या निगेटिव्हवर क्रिस्टोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञानं काम केलं आणि एका गावच्या स्टुडिओचं पुस्तक झालं.

"नाही," काका म्हणाले. तेवढंच.

बऱ्याच वेळानं त्यांनी कारण सांगितलं. 'दाखवायच्या' फोटोवाल्या मुलींपैकी एक फोटो काढून गेली ती एका घरी दाखवायला. लग्न तिथे जमलं नाही. आज ती पासष्टीची आहे, इथेच राहते. तिचा तो फोटो मुंबईच्या भिंतीवर का जावा? पैसे तिनं दिले होते. फोटो तिचा. माझ्याकडे तो ठेवायला आहे.

काकांनी कायदा वाचलेला नाही, पण भारतीय कायदा बराचसा त्यांच्याच बाजूला उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणारा असतो, काढणारा नव्हे. वर्गात 'संग्रह' हा शब्द पुतणीनं खूप ऐकला होता. तो संग्रह कुणाचा, हा प्रश्न तिच्यासमोर पहिल्यांदा आला तो काकांच्या दुकानात.

ती चिडली नाही. तिनं रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, यातली किती माणसं तुम्हाला अजून भेटतात? काकांनी बोट फिरवत मोजायला सुरुवात केली. हा गेला. ही कागलला दिली. याचा पोरगा दूध संघात आहे. हा रोज रंकाळ्यावर फिरायला येतो. एका पानावर अकरा नावं निघाली.

रात्री नऊला शटर अर्धं खाली आलं तेव्हा ठरलं होतं ते एवढंच. पुतणी सुट्टीचे उरलेले दिवस त्या अकरा घरी जाणार. प्रत्येकाला त्याच्या निगेटिव्हची नवी प्रिंट द्यायची, आधी त्यांचं ऐकायचं, मग विचारायचं. जो नाही म्हणेल त्याचं पाकीट परत कपाटात. प्रिंट काका करणार, कारण त्या जुन्या निगेटिव्हला किती उजेड लागतो ते त्यांना ठाऊक आहे. तालमींचे हौद पुढच्या सत्रात. तोपर्यंत म्हशीचा नियम मातीला लावून पाहायचा.

महाराष्ट्रात गावोगाव असे स्टुडिओ बंद होत आहेत आणि त्यांची कपाटं भंगारात निघत आहेत. तुमच्या घरात किंवा ओळखीच्या दुकानात अशा निगेटिव्ह असतील तर त्या विकू नका. काचेच्या प्लेटा एकावर एक आडव्या रचू नका, कडेवर उभ्या ठेवा. प्रत्येक प्लेट साध्या कागदाच्या पाकिटात, ओलीपासून आणि उन्हापासून दूर. आणि रजिस्टर असेल तर ते सगळ्यात आधी जपा. नावं त्यातच आहेत.